मुंबईत फाइन डायनिंगला जाणार असशील तर

पणजीतनं पहिल्यांदाच जातोयस ना रे, मग भाराभर ठिकाणं कोंबू नकोस, दोनच घे पण एकमेकांपासून पार वेगळी. महालक्ष्मी भागातलं मास्क रेस्टॉरंट, तिथं टेस्टिंग मेनूच असतो, म्हणजे शेफ ठरवेल ते एकेक करून येत राहतं, अख्खी संध्याकाळ त्यातच जाते, दुपारी पोटभर जेवून जाऊ नकोस. आणि लोअर परळचं बॉम्बे कँटीन, तिथं आपल्याला हवं ते मागवायचं. बुकिंग दोन्हीकडे आधीच कर.

तुलना करायची तर माशावरनं कर, त्यात आपली जीभ फसत नाही. चमच्यानं हलकेच दाबलं की पाकळ्या सुटायला हव्यात, आतून ओलसर, चिवट लागला तर सजावट कितीही भारी असो, माझ्या लेखी ते ठिकाण बाद. वाढणाऱ्याला विचार की मासा कुठला, सांगताना अडखळला तर समजून जा.

बिलं शेजारी ठेवताना टॅक्स वजा कर हां, ७५०० च्या वर रूमभाडं असलेल्या हॉटेलात जेवणावर १८ टक्के जीएसटी, बाहेरच्या रेस्टॉरंटात ५. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, नको असेल तर सरळ काढायला सांग.