आमिष संपतं, पण मासा लागत नाही

तुम्ही लिहिलंय की तलावाच्या काठावर सकाळपासून बसता, गळाला गांडूळ लावता, फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) हलतो, तुम्ही हिसका देता आणि गळ रिकामा वर येतो. आता कार्बनची भारी काठी घ्यावी का, आमिष बदलावं का आणि ल्युअरकडे, म्हणजे नकली आमिषाकडे, कधी वळावं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

काठी आहे तीच ठेवा. आमिषही तेच राहू द्या. आमिष संपतंय म्हणजे मासे तिथे आहेत आणि त्यांना ते आवडतंय. नव्याने सुरुवात केलेल्याला यापेक्षा चांगली बातमी नसते. घोळ गळाचा आकार, फ्लोटचा तोल आणि खोली या तीन गोष्टींत आहे, आणि तिघांनाही फारसा खर्च नाही.

आधी गळ. तुम्ही ४ नंबरचा वापरताय. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणजे १२ नंबर हा ४ पेक्षा बराच बारीक. (१ नंबरपेक्षा मोठ्या गळांत मात्र गंमत उलटते, १/०, २/० असे गळ मोठे मोठे होत जातात.) तळहाताएवढ्या माशाच्या तोंडात ४ नंबर मावतच नाही, तो बाजूने गांडूळ कुरतडून नेतो. १० किंवा १२ घ्या. मोठा मासा लहान गळाला लागतो, लहान मासा मोठ्या गळाला सहसा लागत नाही. टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढून बघा: रुतलं तर ठीक, घसरलं तर गळ बदला. आणि अख्खं लांब गांडूळ लोंबकळत सोडू नका. इंचभर तुकडा पुरतो, टोक किंचित बाहेर दिसू द्या.

आता फ्लोट, कारण सगळी मेख इथेच आहे. तुमचा फ्लोट निम्मा पाण्याबाहेर राहतो असं तुम्हीच म्हणताय. म्हणजे माशाने आमिष तोंडात घेतलं की त्याला तेवढ्या फ्लोटला पाण्यात ओढावं लागतं. कार्पच्या जातीचे मासे, म्हणजे रोहू, मृगळ वगैरे, आमिष आत ओढून घेतात, चाचपतात आणि काही खटकलं की तितक्याच सहज बाहेर फुंकतात. ओढ जाणवली की संपलं. म्हणून तंगुसावर, म्हणजे गळाच्या दोरीवर, शिशाचे बारीक मणी एकेक करून वाढवत जा, फ्लोटचा फक्त रंगीत शेंडा वर राहीपर्यंत. बहुतेक मणी फ्लोटकडे आणि एकच बारीक मणी गळापासून वीतभर वर, अशी मांडणी नवशिक्याला पुरते. शक्य असेल तर शिशाऐवजी दुसऱ्या धातूचे मणी घ्या. पाणपक्षी हे मणी खडे समजून गिळतात आणि त्यांना विषबाधा होते. ब्रिटनमध्ये राजहंस मरू लागल्यावर १९८७ साली बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली होती.

तोल जमला की खोली मोजा. हे काम बहुतेक जण टाळतात, आणि मग दिवसभर मधल्याच पाण्यात गांडूळ लटकत राहतं. गळाला एक जड वजन अडकवा आणि जिथे बसणार तिथेच टाका. फ्लोट पूर्ण बुडाला तर खोली त्यापेक्षा जास्त आहे, फ्लोट वर सरकवा. आडवा पडला तर खाली घ्या. शेंडा नेमका वर दिसला की आमिष तळाला टेकतंय. दोन-चार हात इकडेतिकडे टाकून हेच करा, मग तळाला कुठे उतार आहे, कुठे खड्डा आहे हे कळतं. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या पाण्यात, कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असल्याने तो वरच्या थरात. तेव्हा तळाशी काही हालचाल नसेल तर आमिष बदलण्याआधी फ्लोट थोडा थोडा खाली सरकवत आमिष वर आणत जा.

फ्लोटची भाषा सरावाने येते, पण तीन खुणा लगेच ओळखता येतील. टकटक, थरथर म्हणजे चिंगळ्या मासळीची कुरतड, तिथे हात आवरा. फ्लोट तिरका सरकत पाण्याखाली निघाला तर मासा आमिष घेऊन चाललाय, आता उचला. आणि फ्लोट बुडण्याऐवजी वर येऊन आडवा झाला तर गोंधळू नका, तळावरचं आमिष माशाने उचललं आणि खालच्या मण्याचं वजन फ्लोटवरून गेलं. तेव्हाही उचला. ‘उचला’ म्हणतोय, कारण हिसका नको. मनगटाने काठी ठामपणे वर घ्यायची, बस. नायलॉनचा तंगूस ताणला जातो म्हणून ढिला तंगूस आधी गुंडाळून घेतलेला असावा, नाहीतर तुमचा सगळा जोर तो ढिलेपणा काढण्यातच जातो.

जागेबद्दल. मोकळ्या, नितळ पाण्याच्या मधोमध लांबवर फेकण्याची हौस सगळ्यांना असते. पण मासे आडोशाला आणि कडेला असतात: वनस्पतींची कड, पाण्यात पडलेलं झाड, ओढा मिळतो ती जागा, उथळ जिथे एकदम खोल होतं ती रेघ. उबदार दिवसांत वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ निवडा. तोंडावर वारा येतो, फेकायला त्रास होतो, म्हणून तिथे कोणी बसत नाही, पण पाण्यावरचं खाद्य तिकडेच जमतं. पहाट आणि संध्याकाळ चांगली हे खरं, पण त्याला एक अपवाद आहे. उन्हाळ्यात शेवाळ-वनस्पतींनी भरलेल्या तळ्यात रात्रभर झाडंही प्राणवायू वापरतात, त्यामुळे उजाडण्याच्या सुमारास पाण्यात तो सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले तर ती भूक नव्हे, ते गुदमरताहेत. त्या वेळी गळ टाकूच नका.

काठावर वावर हलका ठेवा. कार्प आणि मांगूरसारख्या माशांत हवेची पिशवी बारीक हाडांनी कानाशी जोडलेली असते, त्यामुळे त्यांना आवाज फार चांगला कळतो, शिवाय अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्यातली थरथर जाणवते. काठावर खुर्ची आपटली, डबा ठेवला, धावत गेलात की जवळची मासळी पांगली. गप्पा मारा, पाय आपटू नका. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दिसतं, आणि काठावरची ठेंगणी वस्तू त्या खिडकीच्या कडेला चपटी होऊन बसते. म्हणून उभं राहण्यापेक्षा पाण्यापासून दोन पावलं मागे बसलेलं बरं.

सामानाचं थोडक्यात. ६ ते ८ पौंडांची ओढ सोसणारा तंगूस, साधं स्पिनिंग रीळ, मध्यम काठी. स्पूल (रिळाचा तंगूस गुंडाळायचा भाग) काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळं सोडा. गाठ आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करा, कोरड्या गाठीत घर्षणाने तंगूस भाजतो आणि नेमका तिथेच तुटतो. ड्रॅग (जोराची ओढ बसली की तंगूस सुटू देणारा रिळाचा ब्रेक) तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. मासा तंगूस ओढून नेत असताना हँडल फिरवू नका. ५:१ च्या रिळात (हँडलच्या एका फेरीला पाच वेढे घेणाऱ्या) प्रत्येक फेरीला तंगुसात पाच पीळ पडतात आणि पुढच्या फेकीला तुमच्या हातात गुंता येतो. तो पळतोय तोवर पळू द्या. थांबला की काठी वर घ्या, खाली नेता नेता गुंडाळा, पुन्हा वर.

मासा सोडून द्यायचा असेल तर हात आधी ओले करा, कारण कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तोच त्याचा रोगांपासूनचा बचाव असतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकला तर गळ क्षणात सुटतो. गळ खोल घशात गेला असेल तर उपटत बसू नका, तंगूस तोंडाजवळ कापा. तुटका तंगूस मात्र तिथे टाकायचा नाही, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. त्या पाण्यावर परवाना लागतो का, विणीच्या काळात बंदी आहे का, हेही जाण्याआधी विचारून घ्या.

कार्बनच्या काठीबद्दल एक गोष्ट हौशीच्या भरात कोणी सांगत नाही: कार्बन विजेचा वाहक आहे. विजेच्या तारांखाली अशी लांब काठी उभी करणं किंवा ढग गडगडत असताना ती हातात धरून बसणं जिवावर बेतू शकतं. पुढे घेतलीत तरी हे लक्षात असू द्या.

ल्युअर मरळसारख्या शिकारी माशांसाठी. मरळ हवेत श्वास घ्यायला वर येते, त्या बुडबुड्यांवर आणि वनस्पतींच्या कडेवर नजर ठेवून फेकायचं असतं. रोहू-मृगळ त्याकडे क्वचितच बघतात. फ्लोटवर ओळीने काही मासे लागू लागले की मग त्याचा विचार करू. तोपर्यंत १२ नंबरचे गळ आणि बारीक मण्यांची एक डबी आणा, आणि पुढच्या खेपेला फ्लोट नेमका कसा हलला ते कळवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.