संपादकाला काय द्यायचं, प्रकाशकाकडं काय मागायचं?

पुस्तक काढायचंय पण कुणाला विचारावं कळत नाही, अशी बरीच पत्रं यावेळी आलीत, त्यातली तीन घेतलीत. नावं छापू नका असं तिघांनीही कळवलं होतं म्हणून फक्त गावं दिलीत.

ताई नमस्कार, मी रिटायर्ड मास्तर आहे. कापूस पिकवणाऱ्या एका घराच्या तीन पिढ्यांवर कादंबरी लिहिलीय, संवाद सगळे आणि निवेदन पण बरंचसं आमच्या परभणीकडच्या बोलीत आहे. संभाजीनगरच्या एका छोट्या प्रकाशकांना आवडली, पण म्हणाले आधी कुणाकडून तरी संपादन करून आणा. ओळखीतून पुण्याच्या एका संपादकांना सुरुवातीची दहा पानं दिली तर त्यांनी 'काय करायलास'चं 'काय करतोयस' केलं, 'मोंढा' काढून 'मार्केट यार्ड' घातलं. वाचताना मलाच परकं वाटायलं. यांना काम द्यावं का? आणि संपादनाचे पैसे मी द्यायचे का प्रकाशकानं?
— सेलू, जि. परभणी

सर, त्यांना लगेच नाही म्हणू नका, पण पूर्ण कादंबरी पण अजून देऊ नका. आधी त्यांना एक फोन करा आणि सरळ विचारा की हे शब्द तुम्ही का बदलले? कधी कधी संपादकाला कुणी सांगितलेलंच नसतं की बोली मुद्दाम ठेवलीय, तो आपल्या सवयीनं प्रमाण मराठी करत जातो. तुम्ही सांगितल्यावर 'बरं झालं बोललात, पुढची पाच पानं तशी करून दाखवतो' असं म्हणाले तर माणूस कामाचा आहे. 'पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही' म्हणून अडून बसले तर मात्र नमस्कार करून थांबा. परभणीचा माणूस परभणीसारखाच बोलणार. शुद्धलेखनाचे नियम आहेत, १९६२ ला मराठी साहित्य महामंडळाचे नियम सरकारनं स्वीकारले, १९७२ ला भर पडून ते १८ झाले, पण ते प्रमाण लेखनासाठी आहेत, तुमच्या कादंबरीतल्या म्हातारीच्या तोंडाला लावायला नाहीत. मी हे जरा जोरात बोलतेय कारण आपल्याकडची चांगली चांगली हस्तलिखितं अशीच धुऊन पांढरी झालेली मी बघितलीत आणि मग त्या पुस्तकात गावाचं नाव सोडून मराठवाडा कुठंच सापडत नाही.

पण बोली ठेवायची म्हणजे कसंही लिहायचं असं नाही, आणि इथंच संपादक लागतो. एका पानावर 'करायलास', चार पानांनी 'करायलायस', मधेच 'करलालास' आलं तर वाचकाला वाटतं की लिहिणाऱ्यालाच नक्की माहीत नाही. 'करलालास' लातूर-उदगीरकडं चालेल, तुमच्या सेलूच्या माणसाच्या तोंडी कशाला? (आता सून लातूरची असेल तर तिच्या तोंडी जरूर ठेवा, मग ते फार सुंदर दिसेल.) म्हणून दोघांनी मिळून एक शब्दयादी करा, साध्या वहीत केली तरी चालते, कुठला शब्द कसा लिहायचा, कुठलं पात्र कसं बोलतं, निवेदन किती बोलीत आणि किती प्रमाण. ही यादी पुढं अक्षरजुळणी करणाऱ्याला आणि मुद्रितशोधकाला पण द्यायची, नाहीतर इथं वाचवलेली बोली तिथं 'दुरुस्त' होऊन जाते.

आणि भाषेच्या पलीकडचं काम जास्त मोठं आहे. तीन पिढ्यांची गोष्ट आहे म्हणजे वयांचा घोळ होणारच. हैदराबाद संस्थानातल्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे १९४८ ला, दहा वर्षांचा असलेला पोरगा १९७२ च्या दुष्काळात चौतिशीचा पाहिजे, तुम्ही त्याला नातवंडं खेळवताना दाखवलं असेल तर चांगला संपादक तिथंच पेन्सिल ठेवतो. बीटी कापसाला आपल्या देशात परवानगी मिळाली २००२ ला, त्याच्या आधीच्या प्रकरणात शेतकरी दुकानात जाऊन बीटीची बॅग मागत असेल तर तेही त्यालाच दिसलं पाहिजे. कुठलं प्रकरण रेंगाळलंय, कुठलं पात्र मधेच गायब झालं, शेवट कुठं आधीच येऊन गेलाय, हे सांगणं म्हणजे आशयाचं संपादन. त्यानंतर वाक्यं आणि शब्द, ते भाषेचं. आणि पानं लावून झाल्यावर छापण्याआधी चुका शोधणं हे मुद्रितशोधन. तीन वेगळी कामं आहेत, दर वेगळे, वेळ वेगळा. पुष्कळ भांडणं यातूनच होतात की लेखकाला पहिलं हवं असतं आणि संपादकानं पैसे तिसऱ्याचे सांगितलेले असतात, त्यामुळं काय करणार, किती फेऱ्या, कधीपर्यंत, किती पैसे, अर्धे आधी की सगळे शेवटी, हे सगळं मेलवर नाहीतर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस लावून काम करायला सांगा म्हणजे काय काढलं काय घातलं ते दिसतं आणि मान्य करायचं का नाही ते तुमच्या हातात राहतं. फाईल युनिकोडमध्येच ठेवा, जुन्या फॉन्टमधून बदलून घेतली असेल तर रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला, तिथं हमखास फुटतं.

आता पैशांचं. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखी संपादक माणसं मौज प्रकाशनात बसून लेखकांच्या हस्तलिखितांवर काम करायची, तेव्हा तो खर्च प्रकाशनाचा होता. आज छोट्या प्रकाशकाकडं बहुतेक वेळा तो स्वतः आणि एखादा मदतनीस, एवढीच माणसं असतात, म्हणून तो बाहेरून करून आणा म्हणतो, यात फसवणूक नाही. पण विचारायला लाजू नका की अर्धा खर्च तुम्ही उचलाल का? आणि पैसे तुम्ही देत असाल तर संपादक तुमचा, प्रकाशकाचा नाही. तुमच्या होकाराशिवाय फाईल परस्पर प्रकाशकाकडं जायला नको, हे दोघांनाही सांगून ठेवा.

मॅडम, माझा कथासंग्रह आहे, १६० पानं होतात. एक प्रकाशक ६०,००० रुपये मागायलेत, ५०० प्रती काढू, किंमत २५० ठेवू, तुम्हाला १० टक्के रॉयल्टी देऊ म्हणतात. करार नंतर करू, आपल्यात काय कागद, असं म्हणतात. माणूस चांगला आहे. काय करावं?
— उदगीर

दादा, माणूस चांगला असेल तर कागदावर सही करायला त्याला जड जाणार नाही. करार झाल्याशिवाय एक रुपया पण देऊ नका.

हिशेब बघा. २५० च्या दहा टक्के म्हणजे प्रतीमागं २५, पाचशेच्या पाचशे खपल्या तरी तुमच्या हातात १२,५०० येणार. तुम्ही देणार ६०,०००. रॉयल्टी ही प्रकाशकानं स्वतःचे पैसे घातले, जोखीम त्याची, तेव्हाची पद्धत आहे. छपाई तुमच्या पैशानं होणार असेल तर प्रती तुमच्या, आणि विक्रीतून दुकानदाराचं कमिशन आणि प्रकाशकाचा ठरलेला वाटा गेला की उरलेलं तुमचं. पैसेही तुमचे आणि मिळणार दहाच टक्के, हे गणित कुठल्याच बाजूनं बसत नाही. लेखकानं पैसे घालणं वाईट आहे असं मी म्हणत नाही, चांगली पुस्तकं तशी निघालीत, पण मग ते साठ हजार कशाकशाचे ते फोडून मागा: अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी, संपादन धरलंय का नाही. १६० पानं म्हणजे सोळा पानांचे दहा फॉर्म (एका कागदावर एकदम छापून घडी घालतात तो गठ्ठा म्हणजे फॉर्म), एवढं सांगितलं की लातूरचा कुठलाही प्रेसवाला कागदाच्या जाडीनुसार दर सांगेल, तो आणि हा शेजारी ठेवून बघा. पाचशेच्या ऐवजी आधी शंभर-दोनशे डिजिटलवर काढता येतील का तेही विचारा, प्रतीमागं महाग पडतं पण माळ्यावर गठ्ठे पडत नाहीत.

करारात काय बघायचं? कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणं हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, तोंडी दिलेले चालत नाहीत. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि घेतलेला हक्क प्रकाशकानं वर्षभर वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तो संपतो. म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' अशी ओळ दिसली की तिथंच थांबा. कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो, तो तुमच्या लेकराबाळांचा पण आहे. मराठी छापील आवृत्तीचा हक्क द्या, तीन किंवा पाच वर्षांसाठी. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, सिनेमा हे वेगवेगळे लिहा, आणि जे तो करणारच नाही ते देऊच नका. वर्षातून एकदा विक्रीचा हिशेब मिळेल, शिल्लक प्रती किती ते कळेल, हेही टाका. शेवटची पीडीएफ आणि पानं लावलेली मूळ फाईल तुम्हाला मिळणार का हे आत्ताच ठरवा, कारण दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तीच सापडत नाही आणि सगळी अक्षरजुळणी परत करावी लागते. मुखपृष्ठावरचं चित्र कुणाचं, त्याची लेखी परवानगी आहे का, हे पण.

अजून एक, विकणार कुठं? 'सगळीकडं पाठवतो' हे उत्तर नाही. दुकानांची नावं विचारा, ग्रंथालयांना पुस्तक कोण पोचवतं ते विचारा, २०२२ ला तुमच्याच उदगीरला साहित्य संमेलन झालं तेव्हा त्यांचा स्टॉल होता का ते विचारा. आणि त्यांनी आधी काढलेल्या पुस्तकांच्या दोन लेखकांना फोन लावा. हिशेब मिळतो का, प्रती वेळेवर मिळाल्या का, एवढं विचारलं तरी पुरतं.

ताई, माझा कवितासंग्रह मी स्वतःच काढणार आहे, ६४ पानं. आयएसबीएन काढून देतो म्हणून एकजण पैसे मागतोय. देऊ का? संपादक लागतो का कवितेला?
— अंबाजोगाई

नका देऊ. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख-नंबर, तो आपल्या देशात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीच्या पोर्टलवर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. पण थोडा आधी करा, मुखपृष्ठ प्रेसला जायच्या आदल्या दिवशी नको. छापील पुस्तकाला एक नंबर, ई-बुक काढलं तर त्याला वेगळा. प्रकाशक तुम्हीच म्हणजे १९५४ च्या कायद्याप्रमाणं पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या बाकीच्या सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची, तेवढ्या प्रती आधीच बाजूला काढा.

पण हा पहिलाच संग्रह असेल तर छापायच्या आधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा, ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे. स्वतः छापून मोकळ्या झालात तर तो रस्ता बंद होतो.

आणि हो, कवितेला संपादक लागतो, कथेपेक्षा जास्तच. कुठली कविता आधी, कुठली नंतर, आणि कुठल्या कविता काढायच्या हे आपलं आपल्याला दिसत नाही, आपल्याला सगळ्याच प्रिय असतात. तुमच्या कविता आवडीनं वाचणारी पण तुमच्या घरातली नसलेली एक बाई किंवा माणूस शोधा, मानधन ठरवा, आणि सगळ्या कविता कागदावर काढून द्या, स्क्रीनवर क्रम लागत नाही. ६४ पानांची ४८ झाली तर घाबरू नका, तीही सोळाच्या हिशेबात बसतात.