बेल वाजण्याआधी

अनेक आशीर्वाद. वॉर्डातली तुझी नर्सची ड्युटी आता सुरू होईल, म्हणून पेशंट पडू नयेत यासाठी हे चार शब्द.

खानापूरकडची म्हातारी माणसं रात्री बेल दाबत नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात तुला कळेल. सिस्टरला कशाला त्रास, आणि खाली चटईवर झोपलेल्या सुनेला तरी कशाला उठवा, म्हणून ती गुपचूप पाय खाली सोडतात आणि संडासच्या वाटेवर पडतात. तेव्हा बेलची वाट बघू नकोस. झोपण्याआधी एकदा नि मग रात्री दर दोन तासांनी, जागी असतील त्यांना आपणच विचारायचं, "आजी, लघवीला जायचंय?" कन्नड पेशंटला "एळब्याड्री", म्हणजे "उठू नका", म्हणता आलं पाहिजे, भिंतीवरची तशी पाटी चष्मा काढल्यावर कोण वाचतो?

लॅसिक्सची, म्हणजे लघवी जास्त होण्याच्या औषधाची, दुसरी गोळी रात्री आठला लिहिलेली दिसली तर डॉक्टरांना विचार, दुपारी चारला चालेल का. निम्म्या फेऱ्या त्या गोळीच्या असतात. झोपेची गोळी नवी सुरू झाली असेल, तर ती रात्र जास्त जपायची.

उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणणाऱ्याचा बीपी पाच मिनिटं आडवं ठेवून घे, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर लगेच कळव. अशा माणसाला आधी काठावर बसवून पाय हलवायला लाव, मगच उठव.

पडण्याचा धोका गुणांत मोजणारा मोर्स स्केल भरशीलच. गेल्या तीन महिन्यांत पडल्याचे 25, सलाईनचे 20, खाट-भिंत धरून चालण्याचे 30. तिथेच 75 झाले, आणि धोका 45 पासूनच मोठा धरतात. पण आकडा फाईलमध्ये राहिला तर त्याचा काय उपयोग? अशा पेशंटची खाट संडासाजवळ घे.

कठडे चारही वर करून निर्धास्त होऊ नकोस. भ्रमलेला माणूस ते ओलांडतो आणि आणखी उंचावरून पडतो. खाट अगदी खाली, चाकांना ब्रेक, सलाईनचा स्टँड उतरण्याच्या बाजूला. झिजलेलं पायताण बदलायला सांग, लुगड्याचा घोळ वर खोचून घ्यायला लाव. पावसाळ्यात नातेवाइकांच्या छत्र्या दाराबाहेरच.

तरी कुणी पडलंच, तर चौघांनी धरून उचलू नका. आधी शुद्ध, मान, खुबा. एक पाय आखूड नि बाहेर वळलेला दिसला तर खुबा मोडला असं धरून चाल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असून डोक्याला लागलं असेल, तर तो नीट बोलत असला तरी डॉक्टरांना तेव्हाच बोलाव. आणि नोंदीत "पाय घसरून पडला" एवढंच नको. किती वाजता, कुठे जाताना, पायात काय होतं, शेवटची गोळी कोणती, तेही लिही.