नॅचरल हिस्टरी म्युझियममधला सगळ्यात विचित्र प्राणी कोणता?

अशा प्रश्नाला लोक साडेआठ मीटरचा स्क्विड सांगतात. नाहीतर ती इजिप्तची गोगलगाय, जी मेलेली समजून १८४६ साली पुठ्ठ्यावर चिकटवली आणि १८५० मध्ये जिवंत निघाली. माझं मत मात्र एका वीतभर घुबडाला.

लंडनच्या या म्युझियमचे पक्षी ट्रिंग नावाच्या गावात ठेवतात. तिथे पोटात कापूस भरलेला एक रानपिंगळा आहे. त्याच्या नोंदीनुसार तो १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी मिळवला. नोंद साफ खोटी!

रानपिंगळ्याचे नमुने जगभरात मिळून सातच, आणि बाकीचे सगळे १८७२ ते १८८४ मधले. त्यामुळे १९१४ ची नोंद 'शेवटची' म्हणून पुस्तकांत बसली.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी या पक्ष्याचा एक्स-रे काढला. पक्ष्याचं कातडं सोलून भरायची प्रत्येकाची पद्धत वेगळी. कोण किती चरबी खरवडतो, कापूस कुठे कोंबतो, यावरून जाणकाराला माणूस ओळखता येतो, शिवणीवरून शिंपी ओळखावा तसा. इथे आतल्या खुणा निघाल्या जेम्स डेव्हिडसन यांच्या हातच्या. हे आयसीएस अधिकारी १८८० च्या दशकात खानदेशात पक्षी जमवत होते. म्हणजे कर्नलसाहेबांनी म्युझियममधलाच पिंगळा उचलला, जुना कापूस काढून नवा भरला, नवी चिठ्ठी बांधली आणि पुढे आपल्या हजारो पक्ष्यांसोबत त्याच म्युझियमला दान केला. या निगरगट्टपणाला तोड नाही.

मांडवी बाद झाल्यावर या पक्ष्याच्या शोधासाठी उरल्या खऱ्या चिठ्ठ्या, आणि त्यांत खानदेश होता. २५ नोव्हेंबर १९९७ ला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी, तोही दिवसाढवळ्या!

ट्रिंगचे खण काही आपल्यासाठी उघडणार नाहीत. जिवंत पक्षी बघायचा तर मेळघाट किंवा यावल गाठा. २०१४ मध्ये तो तानसालाही सापडला. सकाळी ऊन खात उघड्या फांदीवर बसतो. साधा पिंगळा समजून पुढे जाऊ नका, आधी डोकं बघा: साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, याच्या जवळजवळ नाहीतच.