कबड्डीत बोनसचा निर्णय एवढा का चुकतो?

तुम्ही विचारलंय, रत्नागिरीकडच्या रात्रीच्या सामन्यांत बोनसवरून हमखास वाद होतो, पंचांना समोरचं दिसत नाही का?

दिसतं, पण बोनसला, म्हणजे चढाईत मिळणाऱ्या जादा गुणाला, चार गोष्टी एकाच क्षणी जुळाव्या लागतात. समोर किमान सहा बचावपटू, टेकलेला पाय बोनस रेषेच्या पूर्ण पलीकडे, मागचा पाय हवेत आणि झटापट अजून सुरू झालेली नाही. नजर आपसूक पुढच्या पायाकडे जाते आणि चूक होते ती मागच्या पायात. म्हणून बचावपटूंची मोजणी चढाईपटू मध्यरेषा ओलांडतानाच उरकून घ्यावी आणि मग पायांवरची नजर हलवूच नये.

उभं कुठे राहायचं, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायची पहिली रेषा) मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यापुढे १ मीटरवर असते. पंच मध्यरेषेजवळच थांबला तर त्याला सगळं तिरकं दिसतं, आणि रेषेच्या वर तरंगणारा पाय पलीकडे टेकल्यासारखा भासतो. चढाईपटूबरोबर बाजूने सरकत बोनस रेषेच्या अगदी समोर पोहोचायलाच हवं. दुसऱ्या पंचाने तेवढ्या वेळात राखीव क्षेत्र, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडेच्या पट्ट्या, सांभाळावं, कारण स्पर्शाआधी तिथे कुणाचा पाय पडला तर तो बाद.

आपल्या तांबड्या मातीचा इथे मोठा उपयोग होतो. पाणी मारून रोलर फिरवलेल्या मैदानावर टाचेचा ठसा स्वच्छ उमटतो. शंका असेल तर हात वर करण्याआधी तो बघा. मागचा पाय हवेत होता का, हे मात्र ठसा सांगत नाही. फक्कीची रेषा पकडींच्या धुमश्चक्रीत लवकर पुसते आणि मग रेषा नेमकी कुठे होती इथूनच भांडण सुरू होतं. त्यासाठी मैदानाबाहेर दोन्ही बाजूंना खुंट्या कायम ठोकून ठेवा आणि मध्यंतरात सुतळी ताणून रेषा पुन्हा मारा. हॅलोजन एकाच बाजूला लावले तर खेळाडूची सावली नेमकी पायाशी पडते, तेव्हा आयोजकांकडून दिवे दोन्ही लांब बाजूंना लावून घ्या. चढाई चालू असताना समालोचकाचा माईकही बंद ठेवायला सांगा, ‘कबड्डी कबड्डी’चा दम तुटलेला ऐकूच येत नाही.

दोन पंचांचं जुळलं नाही तर सरपंचाला, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचाला, विचारा, कर्णधारांना नाही.