मेल वाचणाऱ्याला शोधायला लावू नकोस

अगं,

तुझा मेसेज वाचला आणि सोबतचा रिपोर्टही वाचला, म्हणून उत्तराला जरा उशीर झाला. कामात कमी पडत नाही पण ते वरच्यांपर्यंत पोचतच नाही, तेव्हा रायटिंगचा एखादा कोर्स सुचवा, असं म्हणतेस. कोर्सचं शेवटी सांगते. आधी एक सांगू का, तुझा प्रॉब्लेम भाषेचा नाहीये. व्याकरण ठीक आहे, शब्द तर जरा जास्तच भारी आहेत. घोळ असा आहे की पहिलं अख्खं पान वाचलं तरी मला कळेना की आता मी नेमकं करायचं काय.

तुझं पहिलं वाक्य बघ. "सध्या वापरात असलेल्या सॉफ्टवेअरच्या अनुषंगाने विविध पैलूंचा सखोल अभ्यास करण्यात आला असून त्यातून काही महत्त्वाचे मुद्दे निदर्शनास आले आहेत." बरं मग? मग अभ्यास कसा केला ते, मग कुणाकुणाशी बोललीस ते, मग तीन टेबलं, आणि तिसऱ्या पानावर खाली, कंसात, की करार ३० तारखेला आपोआप रिन्यू होतो आणि थांबवायचा असेल तर २० च्या आत नोटीस द्यावी लागते. अगं हीच तर बातमी आहे! आणि ती तू कंसात टाकलीस.

हेच असं लिहिलं असतंस तर? "सॉफ्टवेअरचा करार ३० तारखेला आपोआप रिन्यू होतोय. थांबवायचा तर २० तारखेच्या आत नोटीस द्यावी लागेल. माझ्या मते थांबवावा, कारणं खाली दिली आहेत. तुमचा होकार १५ पर्यंत मिळाला तर नोटीस मी तयार करते." झालं. चार वाक्यं. ज्याच्याकडे एकच मिनिट आहे त्याचंही काम झालं, आणि ज्याला खोलात जायचंय त्याच्यासाठी तुझी टेबलं आहेतच की खाली.

आपण असं उलटं का लिहितो, तर शाळा-कॉलेजात तशीच सवय लागते म्हणून. तिथे पेपर तपासणारा शेवटपर्यंत वाचतो, ते त्याचं कामच असतं, आणि तुला किती येतं हे त्याला बघायचं असतं, म्हणून आपण आधी प्रस्तावना, मग मेहनत आणि शेवटी निष्कर्ष असं लिहायला शिकतो. ऑफिसात तसं नसतं, तिथे वाचणारा दोन मीटिंगच्या मध्ये मोबाईलवर वाचत असतो, पहिल्या दोन ओळींत त्याला त्याचं काही दिसलं नाही की "नंतर वाचू" म्हणतो आणि ते नंतर कधी येत नाही.

ही काही माझी शोधलेली युक्ती नाही. बातमीदार पूर्वीपासून मुख्य गोष्ट आधी आणि तपशील नंतर असंच लिहितात, त्याला उलटा पिरॅमिड म्हणतात. अमेरिकन सैन्यात तर "बॉटम लाइन अप फ्रंट", म्हणजे निष्कर्ष सगळ्यात आधी, असा नियमच शिकवतात. आणि ब्रिटनचा पंतप्रधान चर्चिल, ऑगस्ट १९४० मध्ये, डोक्यावरून जर्मन विमानं जात असताना, सरकारी लोकांना काय लिहितो तर तुमचे रिपोर्ट फार लांब असतात, मुद्दे छोट्या छोट्या परिच्छेदांत मांडा, आकडेवारी मागे जोडा आणि नुसती भर घालणारी वाक्यं काढून टाका. युद्धाच्या धामधुमीत त्याला हे मुद्दाम लिहून कळवावंसं वाटलं यातच काय ते आलं.

आता तू म्हणशील, मग सगळं बुलेटमध्येच टाकते, सुटसुटीत. तर थांब. नासाच्या कोलंबिया अंतराळयानाचं तुला माहीत असेल. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच इंजिनिअर लोकांनी हिशेब केला, आणि तो स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचून वाटतं की चाचण्यांच्या आकडेवारीप्रमाणे हाताशी बरीच सेफ्टी आहे. पण अगदी तळाला, बारीक बुलेटमध्ये, दडलेलं होतं की आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा आणि चाचण्या केलेल्या त्या ३ घन इंचांवर. म्हणजे ६४० पट! त्या चाचण्यांचा या तुकड्याशी संबंधच काय उरला? त्यात भर म्हणजे "सिग्निफिकंट" (लक्षणीय) हा शब्द त्या एकाच स्लाइडवर पाच वेळा, आणि अर्थ मात्र बदलत राहणारा. १ फेब्रुवारीला यान परत येताना तुटलं, सातही अंतराळवीर गेले. आता एका स्लाइडमुळे अपघात झाला असं म्हणणं चूक ठरेल, कारणं बरीच होती, पण चौकशी समितीने आपल्या अहवालात या स्लाइडची दखल घेतली हे खरं आहे.

मी ही गोष्ट तुला घाबरवायला सांगत नाहीये. त्या इंजिनिअर लोकांना माहिती होती. त्यांनी ती लिहिलीही होती. फक्त जिथे लिहिली तिथे ती कुणाला टोचली नाही. तुझ्या कंसातल्या ३० तारखेचं तेच झालं.

बुलेटची खरी गंमत म्हणजे त्यात "कारण", "तरीही", "म्हणून" हे शब्द गाळता येतात. तीन मुद्दे एकाखाली एक टाकले की विचार केल्यासारखं दिसतं, त्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे ते कुणी विचारत नाही. अॅमेझॉनमध्ये २००४ साली जेफ बेझोसने वरिष्ठांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंटच काढून टाकलं, सलग वाक्यांत मेमो लिहून आणा म्हणाला, तो याच कारणासाठी. यादी असेल तिथे बुलेट घाल की, सामानाची, तारखांची, नावांची. पण जिथे तुला कुणाला काही पटवायचंय तिथे वाक्यंच लिही, आणि लिहिताना "म्हणून" अडलं तर समज की विचार अजून पक्का झाला नाहीये.

अजून एक, ते "करण्यात येईल" आधी बंद कर. कोण करणार? तुझ्या रिपोर्टमध्ये "पाठपुरावा करण्यात येईल" आहे, "माहिती मागवण्यात आली आहे" आहे, आणि माणूस मात्र एकही नाही. "मी सोमवारी फोन करते" असं लिही. भीती वाटते ना, की नाव टाकलं की जबाबदारी आली? येतेच. पण कामाचं श्रेय मिळत नाही ही तुझी तक्रार आहे ना, मग जिथे कर्ताच नाही तिथे श्रेय जाऊन चिकटणार कुणाला?

चॅटवर नुसतं "हाय सर" टाकून वाट बघत बसू नकोस, प्रश्न त्याच मेसेजमध्ये टाक. सब्जेक्ट लाइनमध्ये "अपडेट" लिहू नकोस. रागाचा मेल लिहायचा तर "टू"ची जागा रिकामी ठेवून लिही, चुकून सेंड झाला तरी जाणार नाही. आणि एआयचं विचारलंस, तर वाक्यं नीट करून घ्यायला वापर, माझी काही हरकत नाही, पण आधी तुझ्या त्या चार ओळी तू स्वतः लिही. नाहीतर ते तुला परत "विविध पैलूंचा सखोल अभ्यास"च आणून देईल, अजून गुळगुळीत करून.

पाठवायच्या आधी एकदा मोठ्याने वाच, मनात नाही, तोंडाने. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोड, आणि जे वाक्य समोर बसलेल्या माणसाला तोंडावर म्हणताना तुलाच हसू येईल ते काढून टाक. मी अजूनही महत्त्वाचा मेल असला की दार लावून हेच करते, बाहेरच्यांना काय वाटत असेल ते वाटो.

कोर्स हवाच असेल तर कर, पण असा बघ की जिथे कुणीतरी तुझं लिखाण हातात घेऊन लाल पेन चालवेल, नुसते व्हिडिओ बघून नाही होत हे. तोपर्यंत तुझ्या ऑफिसात ज्याच्या मेलला पटकन उत्तरं येतात असा कुणीतरी असेलच, त्याचे जुने मेल काढ आणि पहिल्या ओळीत काय असतं ते बघ.

आत्ता पुरतं एवढं कर. त्या रिपोर्टच्या फक्त वरच्या चार ओळी नव्याने लिहून मला पाठव, अख्खा रिपोर्ट नको. आणि मॅनेजरने उत्तरच दिलं नाही म्हणतेस तो मेलही जसाच्या तसा फॉरवर्ड कर, त्यात तुझा प्रश्न कितव्या ओळीत आहे ते मला बघायचंय.

तुझी,
ताई