आधी पाणी तयार कर, मग मासे

भावा, टाकी आणली त्याच दिवशी मासे सोडू नकोस. सांगलीत नळाला क्लोरीन मारलेलं पाणी येतं, त्यात अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारं औषध, घाल. मग फिल्टर सुरू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकत ४ ते ६ आठवडे थांब. खाद्य कुजून अमोनिया होतो; तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात तेवढ्या वेळात वाढतात. म्हणूनच तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा.

सुरुवातीला गप्पी किंवा मॉली घे; बोअरचं जड पाणीही त्यांना मानवतं. गोल्डफिश छोट्या टाकीत नकोच, वीतभर सहज वाढतो. अनुबियास ही पाणवनस्पती लावलीस तर दोऱ्याने टाकीतल्या लाकडाला बांध, तिचा आडवा जाड कंद वाळूत पुरला की कुजतो. मे महिन्यात पाणी गार राहावं म्हणून झाकण काढून पाण्यावर पंख्याचा वारा सोड.